लॅपटॉपमध्येच सिम किंवा उपग्रह जोडणी असावी का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लॅपटॉप घेताना 'सिमवाला घेऊ का?' हा एक प्रश्न, आणि त्याच्या मागोमाग 'आता उपग्रहावरून थेट इंटरनेट येणार म्हणतात, मग थांबू का?' हा दुसरा. हे दोन्ही इतक्यांदा येतात की उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवलेली बरी. सोपे प्रश्न आधी घेतले आहेत, अडचणीचे अपवाद शेवटाकडे आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात जात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. लॅपटॉपमध्ये सिम टाकता येतं म्हणजे आत नक्की काय असतं?

तीन गोष्टी असतात. पहिली म्हणजे मोडेम, मोबाइल टॉवरशी बोलणारा भाग. च्युइंगगमच्या पट्टीएवढं हे छोटं कार्ड मदरबोर्डवरच्या एम.२ स्लॉटमध्ये बसतं. दुसरी म्हणजे अँटेना. त्या स्क्रीनच्या चौकटीत किंवा कीबोर्डच्या कडेला दडवलेल्या असतात. ४जीसाठी साधारण दोन, ५जीसाठी बहुधा चार. तिसरी म्हणजे सिमची खाच किंवा ईसिमची (आतच पक्क्या बसवलेल्या सिमची) चिप, आणि बऱ्याच नव्या मॉडेलांत दोन्ही. कंपन्यांच्या माहितीपत्रकात या सगळ्याला 'डब्ल्यूडब्ल्यूएएन' म्हणतात. वायफायचं कार्ड वेगळं, त्याच्या अँटेना वेगळ्या. एकाचा दुसऱ्याला उपयोग होत नाही.

२. फोनचा हॉटस्पॉट असताना हे कशाला?

दिवसातून अर्धा तास मेल बघायला बाहेर इंटरनेट लागत असेल, तर खरंच नको. हॉटस्पॉट पुरतो.

फरक जाणवतो तो रोज चार-पाच तास बाहेर काम करणाऱ्याला. हॉटस्पॉट चालू असताना फोन एकाच वेळी टॉवरशी बोलतो आणि वायफायही पुरवतो. तासाभरात तो तापतो, बॅटरी खाली येते, उन्हात असेल तर वेगही पडतो. लॅपटॉप झोपवून पुन्हा उघडला की हॉटस्पॉट बंद झालेला असतो. मग फोन काढा, चालू करा, जोडणी होईपर्यंत थांबा. दर वेळी अर्धा मिनिट जातं, आणि दिवसात अशी वेळ वीसदा येते. आत मोडेम असेल तर झाकण उघडेपर्यंत जोडणी झालेली असते. एकदा सवय झाली की हे सुख सोडवत नाही.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. हॉटस्पॉटमुळे लॅपटॉप एका फोनला बांधला जातो. घरात एकच चांगला फोन असेल आणि तो घेऊन कुणी बाहेर पडलं, तर अभ्यासाला बसलेल्या मुलीच्या लॅपटॉपवर काहीच उघडत नाही. फोन हरवला, बिघडला, चार्जिंग संपलं, की कामही थांबतं. ज्यांच्याकडे दोन-दोन फोन आणि घरी फायबर आहे त्यांना ही अडचण दिसत नाही. 'हॉटस्पॉट आहे की' हे उत्तर बहुतेक वेळा तेच देतात.

हॉटस्पॉटच वापरायचा असेल तर जमेल तेव्हा यूएसबी केबलने जोडा. वायफायची मधली पायरी जाते आणि फोन चार्जही होत राहतो.

३. इतकं सोयीचं आहे तर बहुतेक लॅपटॉपमध्ये ते का नसतं?

कल्पना जुनीच आहे. २००६च्या आसपास महागड्या व्यावसायिक लॅपटॉपमध्ये ३जी मोडेम येऊ लागले होते. डिसेंबर २०१० मध्ये गूगलने क्रोम ओएसचा पहिला प्रायोगिक लॅपटॉप वाटला, त्यात ३जी होतं आणि महिन्याला १०० एमबी डेटा फुकट होता. डिसेंबर २०१७ मध्ये क्वालकॉम आणि मायक्रोसॉफ्टने फोनच्या स्नॅपड्रॅगन ८३५ चिपवर चालणारे 'कायम जोडलेले' विंडोज लॅपटॉप आणले. दर वेळी गाजावाजा झाला आणि दर वेळी हे लॅपटॉप मूठभर लोकांपुरते राहिले.

कारणं बरीचशी पैशाची आहेत. मोडेमची किंमत असते, त्यावर सेल्युलर पेटंटची रॉयल्टी असते, आणि प्रत्येक मॉडेलची रेडिओ चाचणी करून मान्यता घ्यावी लागते. धातूच्या पातळ डब्यात चार जादा अँटेना बसवणं हेही कौशल्याचं काम आहे, कारण धातू लहरी अडवतो. म्हणून चौकटीत प्लास्टिकच्या खिडक्या ठेवाव्या लागतात. दुसरा अडसर मोबाइल कंपन्यांचा. फोनला एक प्लॅन आणि लॅपटॉपला दुसरा, असं दोनदा बिल भरायला लोक तयार नसतात. एकाच प्लॅनमध्ये दुसरं उपकरण स्वस्तात जोडून देणाऱ्या कंपन्या आजही थोड्या आहेत.

आणि इंटेल. बहुतेक लॅपटॉपची चिप इंटेलची, पण २०१९ मध्ये कंपनीने स्मार्टफोनच्या ५जी मोडेमचा धंदा सोडला आणि तो विभाग अ‍ॅपलला विकला. त्याच वर्षी लॅपटॉपच्या ५जी मोडेमसाठी मीडियाटेकशी करार केला. फोनमध्ये मोडेम मुख्य चिपमध्येच किंवा तिच्या जोडीनेच येतो. लॅपटॉपमध्ये तो वेगळा विकत घेऊन बसवायचा सुटा भाग राहिला, आणि खर्च कापायची वेळ आली की सुटा भाग आधी जातो.

४. मग तुमचं मत काय? प्रत्येक लॅपटॉपमध्ये असावं का?

अँटेना, रिकामा स्लॉट आणि सिमची खाच प्रत्येक लॅपटॉपमध्ये असावी. मोडेम ज्याला हवा त्याने, हवा तेव्हा बसवावा.

अँटेना कारखान्यातच बसतात. नंतर बसवायच्या तर स्क्रीनची चौकट उघडावी लागते, आणि ते घरी करण्याचं काम नाही. त्यांची आणि वायरींची किंमत मोडेमच्या मानाने किरकोळ. मोडेमचं उलट आहे. तो महाग, लवकर जुना होणारा, आणि सगळ्यांना न लागणारा. कॉलेजात असताना ज्याला त्याची गरज नव्हती, तोच तीन वर्षांनी साइटवर फिरायच्या नोकरीला लागतो. त्या दिवशी फक्त कार्ड बसवायचं असावं, नवा लॅपटॉप घ्यावा लागू नये.

आज चित्र असं आहे की ही सोय मुख्यतः कंपन्यांना घाऊक विकल्या जाणाऱ्या महाग मॉडेलांतच मिळते. स्वस्त लॅपटॉपमध्ये स्लॉटही नसतो आणि वायरीही नसतात. ज्याच्या घरी पक्की लाइन नाही, त्याच्याच हाती हा स्वस्त लॅपटॉप असतो. हे मला चुकीचं वाटतं, आणि बदलायला फार खर्चाचंही नाही. ५जीचा 'रेडकॅप' नावाचा हलका प्रकार २०२२ मध्ये पूर्ण झालेल्या मानकात आला आहे. त्याला एक-दोन अँटेना पुरतात, वेग शंभर-दीडशे एमबीपीएसच्या घरात मिळू शकतो, आणि मोडेम साधा असल्याने स्वस्त होऊ शकतो. वर्ग, मेल, व्हिडिओ कॉल याला तेवढं भरपूर झालं.

उपग्रहाबद्दलचं माझं मत वेगळं आहे. ते प्रश्न १३ आणि १४ मध्ये.

५. माझ्या लॅपटॉपमध्ये नंतर मोडेम बसवता येईल का?

अँटेना असतील तरच. माहितीपत्रकात 'डब्ल्यूडब्ल्यूएएन रेडी' असं लिहिलेलं असेल तर अँटेना आहेत, मोडेम नाही. 'ऑप्शनल' लिहिलं असेल तर सावध राहा. त्याचा अर्थ बऱ्याचदा 'ऑर्डर देतानाच सांगितलं असतं तर बसवून दिलं असतं' असा असतो.

खात्री करायची तर खालचं झाकण उघडून बघा. आधी लॅपटॉप पूर्ण बंद करा आणि बॅटरीची जोडणी काढा. बॅटरीच्या आसपास एक रिकामा एम.२ स्लॉट दिसेल. त्याच्या शेजारी साधारण मिलिमीटरभर जाडीच्या दोन किंवा चार वायरी टेपने चिकटवलेल्या असतील, आणि प्रत्येकीच्या टोकाला प्लास्टिकची बारीक टोपी किंवा नळी घातलेली असेल. या वायरी असतील तर काम होण्यासारखं आहे. स्लॉट आहे पण वायरी नाहीत, तर तो स्लॉट तुमच्यासाठी रिकामाच राहणार. दोनच वायरी असतील तर ४जीचं कार्ड घ्या. चार अँटेनांचं ५जी कार्ड दोन वायरींवर चाललं तरी अर्धवट चालतं.

वायरीचं टोक कार्डावर दाबून बसवताना बोटाने सरळ खाली दाबा. तिरकं दाबलं की ते इवलंसं जोडटोक वाकतं, आणि मग सगळी वायर बदलावी लागते. सिमची खाच बाहेरच्या कडेला आहे का, हेही उघडण्याआधी बघून घ्या. काही मॉडेलांत खाचेच्या जागी नुसतं प्लास्टिक असतं आणि आत काहीच नसतं.

६. कार्ड बसवलं, सिस्टमला दिसतंय, पण नेटवर्क येतच नाही. कार्ड खराब आहे का?

बहुधा नाही. दोन ठिकाणी अडवणूक होते.

काही कंपन्या बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये, ठरावीक कार्डांचीच यादी ठेवतात. यादीबाहेरचं कार्ड दिसलं की लॅपटॉप सुरूच होत नाही. जुन्या थिंकपॅडवर त्या वेळी १८०२ क्रमांकाची सूचना यायची. तुमचा लॅपटॉप सुरू होतो म्हणजे ही अडचण नाही.

दुसरी म्हणजे एफसीसी लॉक. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाच्या नियमाप्रमाणे मोडेम आणि लॅपटॉप ही जोडी मिळून तपासलेली हवी. म्हणून मोडेमचा रेडिओ कुलूपबंद असतो, आणि लॅपटॉप कंपनीचं सॉफ्टवेअर प्रत्येक सुरुवातीला तो उघडतं. विंडोजवर कंपनीचा ड्रायव्हर टाकला की हे आपोआप होतं. लिनक्सवर मोडेम दिसतो, सिम दिसतं, पण रेडिओ चालूच होत नाही. पूर्वी 'मोडेममॅनेजर' हा प्रोग्रॅम स्वतःहून कुलूप उघडायचा, १.१८.४ आवृत्तीपासून वापरणाऱ्याने त्याची स्क्रिप्ट स्वतः चालू करावी लागते. ती त्याच प्रोग्रॅमसोबत येते.

म्हणून माझा सल्ला असा की, कार्ड घेताना आपल्या लॅपटॉप मॉडेलच्या सुट्या भागांच्या यादीतला नेमका क्रमांक बघूनच घ्या. तीच चिप असलेलं दुसऱ्या कंपनीचं कार्ड स्वस्त मिळतं, पण त्यात हे कुलूप उघडत नाही.

७. मॅकबुकमध्ये सिम का नाही?

आयपॅडमध्ये २०१० पासून आहे, मॅकमध्ये अ‍ॅपलने विक्रीसाठी कधी दिलेलं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयफोन १६ई सोबत अ‍ॅपलने स्वतःचा सी१ मोडेम आणला, त्यामुळे 'मोडेम दुसऱ्याकडून घ्यावा लागतो' हे कारण आता पूर्वीइतकं उरलेलं नाही. मॅकमध्ये ते येईपर्यंत मॅकवाल्यांना प्रश्न २ मधली केबल किंवा प्रश्न १६ मधलं सुटं राउटर, हेच पर्याय.

८. आतल्या मोडेममुळे बॅटरी लवकर संपते का?

रेंज चांगली असेल तर वायफायपेक्षा थोडी जास्त जाते, फार नाही. खरी खाते ती कमकुवत रेंज. टॉवर लांब असला की मोडेम पूर्ण जोर लावून प्रक्षेपण करतो आणि पुन:पुन्हा टॉवर शोधत राहतो. अशा जागी ५जी बंद करून ४जीवर ठेवलं तर बऱ्याचदा वेगही स्थिर होतो. हॉटस्पॉटची तुलना करताना फोनची बॅटरीही हिशेबात धरा. तीही कुठूनतरी भरावीच लागते.

९. सिम टाकलं आणि एका रात्रीत डेटा पॅक संपला. असं कसं?

लॅपटॉप फोनसारखा जपून डेटा वापरत नाही. सिस्टमचे अपडेट, क्लाउडवर चढणारे फोटो, गेमचे पॅच हे सगळं मागे चालू असतं.

विंडोज आतल्या मोडेमची जोडणी आपोआप 'मीटर्ड' म्हणजे मोजून वापरायची धरतं. मोठे अपडेट थांबतात, वनड्राइव्हही थांबतं. पण इतर कंपन्यांचे प्रोग्रॅम ही खूण पाळतीलच असं नाही. गेमचे लाँचर आणि बॅकअपचे प्रोग्रॅम स्वतः उघडून थांबवावे लागतात. फोनच्या वायफाय हॉटस्पॉटला विंडोज बहुधा साधं घरचं वायफाय समजतं. तिथे 'मीटर्ड' ही खूण हाताने लावा. अनेकांचा पॅक इथेच संपतो. सेटिंगमध्ये डेटा वापराची मर्यादाही घालता येते.

१०. हॉटेल किंवा स्टेशनच्या वायफायपेक्षा हे सुरक्षित आहे का?

हो. फुकट वायफायच्या नावाने कुणीही आपलं उपकरण लावून बसू शकतो. ४जी-५जीत सिम आणि नेटवर्क एकमेकांची ओळख पटवतात आणि हवेतला मजकूर कूटबद्ध असतो. बँकेची, रुग्णांची किंवा अशिलांची कागदपत्रं हाताळणाऱ्यांसाठी एवढं एक कारणही पुरेसं आहे.

दुसरी बाजूही आहे. मोडेमला आयएमईआय, म्हणजे त्याची एकमेव ओळख सांगणारा, क्रमांक असतो, आणि मोडेम चालू असेपर्यंत लॅपटॉप कोणत्या टॉवरजवळ आहे हे मोबाइल कंपनीला कळतं. ज्यांना हे नको असेल त्यांनी बायोसमधूनच मोडेम बंद करावा. नुसता फ्लाइट मोड हा सॉफ्टवेअरचा शब्द आहे. बायोसमध्ये बंद केलेला मोडेम सिस्टमला दिसतच नाही.

११. लॅपटॉप चोरीला गेला तर सापडेल का?

शक्यता वाढते, हमी नाही. बहुतेक सेल्युलर मोडेममध्ये जीपीएसचा रिसीव्हर असतो. नुसत्या वायफायवाल्या लॅपटॉपला आपली जागा आसपासच्या वायफायवरून अंदाजाने काढावी लागते. मोडेम असेल तर चोराने वायफाय न जोडताही लॅपटॉप जागा कळवू शकतो, दुरून कुलूपबंद करता येतो. पण त्यासाठी तो चालू हवा आणि ही सोय आधीच चालू करून ठेवलेली हवी. खाचेतलं सिम चोर पहिल्यांदा काढून टाकतो, म्हणून इथे ईसिम उजवं. सिमला पिन लावा, आणि मोडेमचा आयएमईआय बिलाच्या फोटोसोबत जपून ठेवा.

१२. लॅपटॉप मांडीवर असतो. त्यातल्या मोडेमचा त्रास होईल का?

शरीरात शोषल्या जाणाऱ्या रेडिओ ऊर्जेला कायद्याने मर्यादा आहे. अमेरिकेत १ ग्रॅम ऊतीमागे सरासरी १.६ वॅट प्रति किलो, युरोपात १० ग्रॅममागे २ वॅट प्रति किलो. मोडेमचं प्रक्षेपण जास्तीत जास्त ०.२ वॅटच्या आसपास असतं, फोनएवढंच. अँटेना स्क्रीनच्या वरच्या कडेला असेल तर ती शरीरापासून हातभर दूर असते, कानाला लावलेल्या फोनपेक्षा कितीतरी लांब. अँटेना कीबोर्डच्या भागात असेल तर अनेक मॉडेलांत जवळ हात किंवा मांडी आल्याचं ओळखणारा सेन्सर असतो आणि तो प्रक्षेपण आपोआप कमी करतो. मांडीवर घेतल्यावर वेग कमी झाल्यासारखा वाटतो, त्याचं एक कारण हेच.

१३. फोनमध्ये उपग्रह जोडणी आली. लॅपटॉपमध्ये का येत नाही?

फोनमध्ये जे आलं ते आधी नीट बघू. नोव्हेंबर २०२२ मध्ये आयफोन १४ वर ग्लोबलस्टारच्या उपग्रहांतून आणीबाणीचा संदेश पाठवायची सोय सुरू झाली. हे उपग्रह १४०० किलोमीटरवर असतात. मोकळ्या आकाशाखाली एक छोटा संदेश जायला पंधराएक सेकंद लागतात, झाडांखाली मिनिटभर किंवा जास्तही. २०२३ मध्ये हुआवेने मेट ६० प्रोवर उपग्रहातून फोन करायची सोय दिली. ही सगळी संदेश आणि आवाजाची सोय आहे, इंटरनेटची नाही.

अंतराचा हिशेब इथे निर्णायक आहे. टॉवर पाच किलोमीटरवर असतो, खालच्या कक्षेतला उपग्रह पाचशेवर. अंतर शंभरपट वाढलं की पोचणारी शक्ती दहा हजारपट घटते. शिवाय उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगाने पळतो, त्यामुळे लहरींची वारंवारता सतत सरकते आणि ती सावरावी लागते. वर एवढ्या लांबून एक झोत खाली टाकला की तो कित्येक किलोमीटर रुंद पसरतो, आणि त्या सगळ्या भागातल्या लोकांत तोच वाटला जातो. ऑगस्ट २०२२ मध्ये फोनला थेट स्टारलिंकच्या, म्हणजे आपल्याच कंपनीच्या, उपग्रहांशी जोडायची सेवा जाहीर करताना इलॉन मस्क यांनीच एका झोताला २ ते ४ एमबीपीएस असा आकडा दिला होता. पुढे चाचण्यांत एका फोनला १७ एमबीपीएस मिळाल्याचं कंपनीने दाखवलं, पण तो अख्ख्या झोतावर एकच फोन असतानाचा वेग. लॅपटॉप उघडणाऱ्याची भूक याहून फार मोठी असते.

आणि आणीबाणीत माणूस खिशातला फोन काढतो. दरीत पाय मोडून पडलेला कुणी पाठीवरच्या पिशवीतून लॅपटॉप काढत बसणार नाही. संकटातली उपग्रह जोडणी फोनमध्येच असायला हवी, आणि ती प्रत्येक फोनमध्ये लवकर यावी असं मला मनापासून वाटतं.

१४. स्टारलिंकची उपग्रहावरून इंटरनेट घेणारी छोटी थाळी आता लॅपटॉपएवढीच आहे. ती झाकणातच का बसवत नाहीत?

प्रश्न अगदी रास्त आहे, कारण मापं खरोखर जुळतात. स्टारलिंक मिनी साधारण ३० बाय २६ सेंटिमीटर आहे. १४ इंची लॅपटॉपचं झाकण ३१ बाय २२च्या आसपास. पण पुढे तीन अडचणी येतात.

पहिली विजेची. मिनी थाळी चालू असताना सरासरी २५ ते ४० वॅट घेते. लॅपटॉपची बॅटरी धरा ६० वॅट-तासांची. नुसती थाळीच ती दोन तासांत संपवेल. साधं लिहिण्या-वाचण्याचं काम करताना अख्खा लॅपटॉप दहा वॅटच्या आत चालतो. मोठी बॅटरी घालावी म्हटलं तर विमानात सोबत नेण्याची सर्वसाधारण मर्यादा १०० वॅट-तासांची आहे, म्हणून लॅपटॉप कंपन्या त्याच्या आतच थांबतात. शिवाय एवढी उष्णता स्क्रीनच्या मागे साठली तर स्क्रीनचं आयुष्य कमी होईल.

दुसरी दिशेची. लॅपटॉप समोर उघडा आणि झाकणाची मागची बाजू कुठे बघते ते कडेने पाहा. आपण स्क्रीन साधारण ११० अंशांत उघडतो, म्हणजे ती मागे कललेली असते, आणि तिची पाठ क्षितिजाच्याही खाली, जमिनीकडे बघते. थाळीला आकाशाचा जवळपास ११० अंशांचा मोकळा शंकू लागतो. त्यामुळे झाकणातली थाळी तुम्ही काम करत असताना नेमकी चुकीच्या दिशेला असेल. आकाशाकडे बघणारा भाग म्हणजे कीबोर्ड, आणि त्यावर तुमचे हात असतात.

तिसरी छताची, आणि ही सर्वांत मोठी. लॅपटॉप बहुतेक वेळ छताखाली वापरला जातो. या थाळीच्या लहरी १० ते १४ गिगाहर्ट्झच्या घरातल्या. काँक्रीट, पत्रा, ओल्या पानांची दाट फांदी, कशातूनच नीट जात नाहीत. थाळी गच्चीवर आणि माणूस सावलीत, हीच योग्य रचना आहे. थाळी लॅपटॉपला कायमची चिकटवली की माणसालाही उन्हात बसावं लागेल.

म्हणून थाळी वेगळीच राहू द्या. ती सव्वा किलोच्या आत आहे, पिशवीत मावते, आणि एकाच वेळी दहा जणांच्या कामी येते.

१५. मग साध्या सेल्युलर मोडेमलाच उपग्रह पकडता येईल का?

हळूहळू हो, आणि मला सर्वांत आशा याच वाटेची आहे. ३जीपीपी ही मोबाइल नेटवर्कची मानकं ठरवणारी संस्था. २०२२ मध्ये पूर्ण झालेल्या तिच्या १७व्या मानकात जमिनीबाहेरच्या नेटवर्कचा ('एनटीएन'), म्हणजे उपग्रहांचा, समावेश झाला. त्यासाठी एन२५५ आणि एन२५६ असे बँड, म्हणजे वारंवारतांचे पट्टे, ठरले. म्हणजे वेगळा उपग्रह मोडेम न लावता तोच ५जी मोडेम उपग्रहाशीही बोलू शकेल. २०२३ च्या सुरुवातीला क्वालकॉमने इरिडियमच्या उपग्रहांवर आधारलेली स्वतःची वेगळी पद्धत जाहीर केली होती. तो करार त्याच वर्षी संपला, कारण फोन कंपन्यांना सामाईक मानकावर चालणारी पद्धत हवी होती.

दुसरी पद्धत साध्या ४जी फोनलाच उपग्रहाचा टॉवर दाखवण्याची. अमेरिकेत टी-मोबाइलने स्टारलिंकसोबत ही सेवा जुलै २०२५ मध्ये सुरू केली. त्या बँडचा लॅपटॉप मोडेम तत्त्वतः असा टॉवर पकडू शकतो. पण कोणत्या उपकरणाला आणि कोणत्या प्लॅनला आत घ्यायचं हे मोबाइल कंपनी ठरवते, आणि या सेवा आधी फोनसाठीच खुल्या होतात.

नवा लॅपटॉप घेताना मोडेमच्या माहितीपत्रकात 'एनटीएन' लिहिलेलं असेल तर चांगलंच. नसेल तर त्यासाठी खरेदी अडवून ठेवू नका. मोडेम बदलता येणारा असला की पुढे कार्ड बदलून भागेल. प्रश्न ४ मधल्या आग्रहाचं हेही एक कारण आहे.

१६. मी रेंज नसलेल्या किंवा जेमतेम रेंज असलेल्या भागात काम करतो. नेमकं काय घेऊ?

आधी बघा की रेंज खरोखर नाही की फक्त घरात नाही. घरात नाही पण गच्चीवर आहे, असं असेल तर आतल्या मोडेमपेक्षा सुटं सिम राउटर सरस ठरतं. ते खिडकीत किंवा उंचावर ठेवता येतं, बाहेरची अँटेना लावता येते, आणि तुम्ही आत आरामात बसता. लॅपटॉपमधला मोडेम तुम्ही जिथे बसाल तिथेच असतो, ही त्याची मर्यादा मान्य करायला हवी.

रेंज अजिबात नसेल तर उपग्रहाची सुटी थाळी. मिनी थाळी यूएसबी-सी वर चालवायची तर १०० वॅट देणारा चार्जर किंवा पॉवर बँक लागते. साध्या पॉवर बँकेवर ती सुरूच होत नाही. खालच्या कक्षेतल्या सेवेचा प्रतिसाद २५ ते ६० मिलिसेकंदांत येतो, व्हिडिओ कॉल व्यवस्थित होतो. ३५,७८६ किलोमीटरवरच्या भूस्थिर उपग्रहाची जुनी सेवा असेल तर प्रत्येक वाक्याला अर्ध्या सेकंदाहून जास्त उशीर धरा.

सतत फिरती असेल आणि वाटेत बहुतेक ठिकाणी रेंज असेल, तर मात्र आतला मोडेमच घ्या. एक ईसिम आणि खाचेत दुसऱ्या कंपनीचं सिम, अशी जोडी ठेवलीत तर एकाची रेंज गेल्यावर दुसऱ्यावर जाता येतं.

१७. परदेशात, विमानात किंवा जहाजावर नेलं तर?

परदेशात ईसिम सोयीचं. पोचायच्या आधीच तिथला प्लॅन घेता येतो. पण मोडेममध्ये त्या देशाचे बँड आहेत का ते बघा, कारण एकाच लॅपटॉप मॉडेलमध्ये वेगवेगळ्या प्रदेशांसाठी वेगवेगळे मोडेम असू शकतात. विमानात सेल्युलर बंद ठेवायचं, विमानातलं वायफाय चालतं. समुद्रात किनारा दूर गेला की जहाजाचं स्वतःचं नेटवर्क रोमिंगमध्ये पकडलं जातं आणि त्याचे दर अंगावर येतात. तिथे सेल्युलर बंद करून ठेवा.

उपग्रह उपकरणांचा नियम याहून कडक आहे. काही देशांत परवान्याशिवाय उपग्रह फोन किंवा थाळी जवळ बाळगणं हाच गुन्हा ठरतो, आणि त्यासाठी प्रवाशांना अटकही झाली आहे. निघण्याआधी त्या देशाच्या दूतावासाची सूचना वाचा.

१८. लॅपटॉप दुरुस्तीला दिला, मदरबोर्ड बदलला आणि ईसिम गायब झालं. परत येईल का?

तेच प्रोफाइल परत येत नाही. ईसिम एका विशिष्ट चिपच्या क्रमांकाला बांधलेलं असतं. ती चिप मोडेमवर असो वा मदरबोर्डवर, ती बदलली की मोबाइल कंपनीकडून नवं प्रोफाइल मागावं लागतं. क्यूआर कोड जपून ठेवला असला तरी तो बहुधा एकदाच चालतो. म्हणून दुरुस्तीला देण्याआधी कंपनीला विचारून ईसिम साध्या सिमवर किंवा दुसऱ्या उपकरणावर हलवून घ्या. लॅपटॉप विकताना उलटी काळजी घ्या: नुसतं फॉरमॅट केल्याने प्रोफाइल जाईलच असं नाही. सेटिंगमध्ये जाऊन ते हाताने काढा, आणि प्लॅनही बंद करा.

१९. जुन्या लॅपटॉपमध्ये ३जी मोडेम आहे. त्यात आजचं सिम चालेल का?

सिम ओळखलं जाईल, पण अनेक देशांत ३जी नेटवर्कच बंद झालं आहे किंवा होत आहे, त्यामुळे जोडणी मिळेलच असं नाही. त्याच्या अँटेना ४जीच्या काही बँडवर कामाला येतात. स्लॉट जुन्या मिनी पीसीआय एक्स्प्रेस प्रकारचा असेल तर त्या मापाची ४जी कार्डं अजून मिळतात. बायोसची यादी आडवी येऊ शकते; प्रश्न ६ आधी वाचा. सिमची खाच जुन्या मोठ्या मापाची असेल, त्यात नॅनो सिम घालताना अ‍ॅडॉप्टर लागतो. तो चिकटपट्टीने सिमला पक्का करूनच आत सारा, नाहीतर सिम आत सुटतं आणि ते काढायला सगळा तळ उघडावा लागतो.